गावची पायपेटी नेमकी कोणाची?

दवनीवाडा : दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांचे दिवस येतात. नाटक मंडळी आपला ऑर्गन सोबत आणते. मग तुमच्या गावच्या मंडळाची जुनी पायपेटी कुठे आहे हो? बहुधा कोणाच्या तरी पडवीत, उंदरांच्या ताब्यात! एक दिवस जुन्या वस्तू घेणारा दारी येतो, चार पैसे दाखवतो अन् पेटी जाते. वर्गणी साऱ्या गावाची, पैसे एकाच्या खिशात. म्हणून आधी मालकी शोधा.

चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांतून वारा वाजतो. आपल्या पायपेटीत पायाने भाता चालवला की धातूच्या पट्ट्या वाजतात. संगीत नाटकांनी तिला मराठी मुलखात घरची केली. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तिचा मान मोठा होता.

सुरुवात पेटीपासूनच करा. पट्ट्यांवरच्या फळीवर कारखान्याचे नाव पाहा, मागची फळी काढून क्रमांक शोधा. अमेरिकेतल्या ब्रॅटलबरो गावच्या 'एस्टी' कारखान्याची पेटी असेल (आपली लाल गाडी नव्हे बरं का!), तर क्रमांकावरून साल कळते. हा कारखाना १९६० मध्ये बंद झाला. आत दुरुस्ती करणाऱ्याने लिहिलेली तारीखही सापडू शकते.

मग कागद पाहा. मंडळाची वर्गणीवही, पावत्या, ग्रामपंचायतीची आणि शाळेची जंगम मालमत्ता नोंदवही तपासा. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर धर्मादाय कार्यालयातून अनुसूची एकचा उतारा काढा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्यामुळे जुन्या नोंदीसाठी भंडाऱ्यालाही विचारा. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. पेटी मालगुजाराच्या वाड्यातून आली असेल, तर ती दान होती की उसनवार, हे जुन्या जाणत्यांना विचारून लिहून घ्या, सही-अंगठा घ्या. ज्याच्या घरी पेटी, तोच मालक असे नसते.

आणखी एक. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी धाडता येत नाही, तिचा धंदा करायलाही परवाना लागतो.

सरपंच महोदय, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच. फोटो, क्रमांक आणि मालकाचे नाव नोंदवहीत चढवा. पेटी दुरुस्त होईल तेव्हा होईल, पण नोंद आजच करा.