दम असणाऱ्यांचा दमा

अंगात दम असणं ही शाबासकी आणि दमा असणं ही व्याधी. नॉर्वेच्या मारित ब्योर्गेननं दोन्ही एकाच छातीत वागवले. दम्याचं औषध ओढत ती क्रॉस-कंट्री स्कीइंग करत राहिली आणि हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तिनं 15 पदकं मिळवली. इतकी आजवर दुसऱ्या कुणालाही मिळालेली नाहीत.

ती एकटी नाही. स्वीडन-नॉर्वेच्या अव्वल स्कीपटूंमध्ये दमा सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. एवढी तगडी फुफ्फुसं, आणि तीच घरघरणारी!

आपल्याला वाटतं, दोष थंडीचा. खरी खोडी कोरडेपणाची आहे. उणे 20 अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प मावतं. फुफ्फुसांना मात्र हवा लागते 37 अंशांची, ओलीचिंब, म्हणजे घनमीटरमागे 44 ग्रॅम बाष्पाची. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. तेवढी नाक निमूटपणे ओलावून देतं. चढावर स्कीपटूचा भाता मिनिटाला 200 लिटर ओढतो. मग तोंड उघडतं आणि कोरडी हवा थेट श्वासनळ्यांत घुसते. पाच मिनिटांत एक घनमीटर, म्हणजे तिला भिजवायला तीन मोठे चमचे पाणी! उच्छ्वासात थोडं परत मिळतं, पण बाकीचं कुठून आणायचं? नळ्यांच्या अस्तरावर पसरलेल्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या पातळ थरातून.

थर आटला की उरलेला द्रव खारट होतो आणि मीठ लावलेल्या कैरीसारखं भोवतालच्या पेशींना पाणी सुटतं. अस्तरातल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशी बिथरतात, हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं सोडतात, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. ऑस्ट्रेलियाच्या सँड्रा अँडरसन यांनी हा विचार पुढे नेला आणि पळायला न लावता दमा ओळखणारी चाचणी घडवली: नळ्यांतलं पाणी तसंच ओढून घेणारी मॅनिटॉलची कोरडी भुकटी श्वासावाटे ओढायला द्यायची आणि नळ्या आवळतात का ते पाहायचं.

गंमत म्हणजे छाती बहुधा शर्यतीत दगा देत नाही. शर्यत संपल्यावर, पाच-दहा मिनिटांनी आवळते.

हे आटणं-आवळणं वर्षानुवर्षं चाललं की अस्तर सोलवटतं, सुजतं. ही सूज ॲलर्जीच्या दम्यातल्या सुजेसारखीच असते असं नाही, त्यामुळे स्टेरॉइडचा पंप प्रत्येकाला तितकाच लागू पडत नाही. हीच तक्रार जलतरणपटूंचीही. त्यांची हवा तर उबदार आणि दमट, पण तिथे क्लोरीन आणि घाम मिळून तयार होणारी क्लोरामाइनं छळतात. फिनलंडच्या पोहणाऱ्यांनी स्पर्धा सोडल्यावर अनेकांच्या नळ्या निवळल्याही.

सरावात आता काही स्कीपटू तोंडावर एक जाळीदार नळकांडं धरतात. बाहेर पडणाऱ्या श्वासातली ऊब आणि ओल ती जाळी अडवून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत करते. नाकाचंच काम, फक्त मोठ्या मापाचं.