हृदय आणि नित्याच्या सवयी : जयपूरच्या पाहण्यांवरून

मनुष्याची मूठ जेवढी असते, साधारणतः तेवढेच त्याचे हृदय असते. हा स्नायुमय पंप मिनिटास सुमारे ७० वेळा आकुंचन पावतो. दिवसाकाठी ही संख्या एक लाखाच्या घरात जाते. विश्रांतीच्या अवस्थेतही तो दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर खेळवितो. एवढे श्रम करणाऱ्या अवयवास स्वतःलाही प्राणवायू हवा असतो. परंतु आपल्या कप्प्यांतून अखंड वाहणाऱ्या रक्ताचा त्यास त्यासाठी फारसा उपयोग होत नाही. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या दोन बारीक रोहिण्या व त्यांच्या शाखा हा पुरवठा करितात. ह्यांना हृद्‌रोहिण्या असे नाव आहे. कोठीत धान्य भरलेले असावे आणि कोठीच्या रखवालदारास मात्र शिधा बाहेरून यावा, तसा हा प्रकार आहे.

ह्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात मेद साचू लागतो, तो म्हातारपणी नव्हे, तर पुष्कळदा तारुण्यातच. वर्षानुवर्षे त्याचा थर वाढतो आणि मनुष्यास त्याची वार्ताही नसते. एखादे दिवशी तो थर फाटतो, तेथे रक्ताची गुठळी बनते, पुढील स्नायूचा रक्तपुरवठा खुंटतो व तो स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. झटका क्षणात येतो, परंतु त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते. सवयींचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो ह्यामुळेच.

हृदयविकार हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. शेतात राबणाऱ्यास त्याची भीती कसली, असे लोक म्हणत. ह्या समजास धक्का देणारी एक पाहणी राजस्थानात झाली. जयपूरचे डॉ. राजीव गुप्ता व त्यांचे सहकारी ह्यांनी तीन खेड्यांतील वीस वर्षांवरील ३,१४८ स्त्री-पुरुषांची तपासणी केली. त्यांचा रक्तदाब मोजण्यात आला, हृदयाचे विद्युत्-आलेख काढण्यात आले, आणि प्रत्येकाचे शिक्षण किती झाले हेही नोंदविण्यात आले. निष्कर्ष १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांचे शिक्षण कमी, त्यांच्यात हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण अधिक. धूम्रपान व वाढलेला रक्तदाबही त्यांच्यातच अधिक. अक्षरओळखीने रोहिण्या स्वच्छ होतात असे अर्थातच नव्हे. परंतु विडीचा धूर हृदयास काय करितो, हे ज्यास कोणी सांगितलेलेच नाही, तो ती सोडील तरी कशासाठी? शाळा आणि ग्रंथालय ह्यांचा हृदयाच्या आरोग्याशी असलेला संबंध येथे स्पष्ट होतो.

ह्याच संशोधकांनी जयपूर शहरातही एकामागून एक पाहण्या केल्या. ‘जयपूर हार्ट वॉच’ ह्या नावाने त्या ओळखल्या जातात. एकाच शहराकडे दोन दशके असे पुनःपुन्हा पाहत राहणे ही आपल्या देशात विरळा आढळणारी गोष्ट आहे. शहरातील मध्यम वर्गात वजन व रक्तातील कोलेस्टेरॉल वाढत चालल्याचे ह्या पाहण्यांतून दिसून आले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून जे काम चालू झाले, त्याच जातीचे हे काम होय. पुढे ५२ देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२००४) असे आढळले की, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेद, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळे-भाज्या, व्यायाम व मद्य अशा नऊ गोष्टींवरून पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग उलगडतो. दक्षिण आशियातील रुग्णांना हा पहिला झटका मध्यमानाने ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ व्या. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे कित्येक घरांत कर्ता मनुष्य मुलांची शिक्षणे पुरी होण्याआधीच अंथरुणास खिळणे होय.

ह्या नऊंपैकी तंबाखूचा विचार प्रथम केला पाहिजे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, निकोटीन हृदयाची गती व रक्तदाब वाढविते, आणि इतर द्रव्ये रोहिणीच्या अस्तरास इजा करून गुठळीस वाट मोकळी करितात. ‘दिवसातून एकच ओढतो’ असे सांगणारे बरेच भेटतात. परंतु दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्यास हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका एकाच सिगारेटीने पत्करला जातो. विडी लहान असते म्हणून सौम्य असते, ही समजूतही निराधार आहे. राजस्थानात विडीच्या जोडीला हुक्का, तर महाराष्ट्रातील खेड्यांत स्त्रियांची मिश्री. दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाणारी ही भाजलेली तंबाखूच होय. तंबाखू सोडल्याचे फळ मात्र लवकर मिळते. वर्षभरात हृद्‌रोहिणीविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो.

आहाराकडे वळावे तर जयपूरच्या बाजारात प्याजाची कचोरी, मिरचीवडा आणि घेवर ह्यांचा दरवळ प्रथम आडवा येतो. सणासुदीचा घेवर कोणाचे हृदय बंद पाडीत नाही. नित्याची तळणी व तिचे माध्यम ह्यांचा विचार अधिक अगत्याचा आहे. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करिताना ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात. ती रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात व उपकारक कोलेस्टेरॉल घटवितात. वनस्पती तूप आपल्याकडे अनेक दशके ह्याच रीतीने बनत आले. तेले व मेद ह्यांतील ट्रान्स मेदाम्लांचे प्रमाण भारतात २०२१ च्या जानेवारीपासून ३ टक्क्यांपर्यंत व २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. कढईतील तेच तेल पुनःपुन्हा तापविणे मात्र कायद्यापेक्षा स्वयंपाकघराच्या शिस्तीनेच थांबेल.

साजूक तुपासंबंधी एक गंमतीची नोंद आहे. राजस्थानातील ग्रामीण पुरुषांत अधिक तूप खाणाऱ्यांना हृद्‌रोहिणीविकार कमी आढळला. तुपाच्या चाहत्यांनी ह्यावरून हुरळून जाऊ नये. ज्यास मुबलक तूप परवडते, तो श्रमाने, शिक्षणाने, राहणीने इतरांहून वेगळा असू शकतो. आणि एकाच वेळी केलेल्या मोजणीतून कारण कोणते व परिणाम कोणता, हे ठरत नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्याचे तूप दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यास पचेलच असेही नाही.

मिठाचा प्रश्न अधिक सरळ आहे. जयपूरपासून फार दूर नसलेल्या सांभर सरोवरातून पिढ्यान्‌पिढ्या मीठ निघत आले आहे, आणि कोरड्या प्रदेशात भाजी-फळे टिकविण्यासाठी त्याचा सढळ वापरही होत आला. लोणची, पापड, शेव, नमकीन ही त्याचीच परंपरा. महाराष्ट्रातील ताटही ह्यास अपवाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ मनुष्याने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, मीठ खावे. पानात वाढलेले मीठ डोळ्यांना दिसते, पापडातील दिसत नाही, हीच खरी अडचण आहे.

व्यायामाचा पुरावा लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून पुढे आला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा शेकडो पायऱ्या चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे डॉ. जेरेमी मॉरिस ह्यांनी १९५३ साली दाखविले. आठवड्यास निदान १५० मिनिटे, थोडी धाप लागेल परंतु बोलता येईल, अशा गतीने चालणे पुरेसे मानले जाते. जयपुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी पहाटेची वेळच सोयीची. रामनिवास बागेसारख्या जागा शहरास लाभल्या आहेत, पण बाग दूर असेल तर घराचा जिना व बाजारापर्यंतची वाटही चालण्यासच आहे.

उरला रक्तदाब. तो वाढला तरी बहुधा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून मोजल्यावाचून कळत नाही. प्रौढ मनुष्याच्या दंडावर पट्टा बांधून वारंवार मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजतात. औषध चालू झाल्यावर आकडा खाली येतो, तेव्हा ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडून देणारे पुष्कळ असतात. बरे तर आधीही वाटतच होते. आकडा खाली आला तो गोळीमुळे, आणि ती थांबविल्यावर तो बहुधा पुन्हा चढतो.