पेन ड्राइव्हला ओळख विचारतो कोण?

शहाद्याच्या एका ऑनलाइन सेंटरचालकाने विचारले आहे, ‘गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह अँटीव्हायरसने तपासूनच उघडतो. तरी धोका उरतो का?’ उरतो. कारण प्रश्न फायलींचा नाही, उपकरणाच्या ओळखीचा आहे.

29 सप्टेंबर 2010 रोजी शहाद्याच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला रंजना सोनवणे यांना. माणसाची ओळख ठशांनी आणि बुबुळांनी पक्की होऊ लागली. पण ठसे घेणारे यंत्र संगणकाला यूएसबीने जोडलेले, आणि यूएसबीत उपकरणाला स्वतःची ओळख पटवावी लागत नाही.

बडोद्यात शिकलेल्या अजय भट्ट यांच्या पुढाकाराने इंटेलमध्ये यूएसबी आकाराला आली. पहिले मानक 1996चे. (माउस, प्रिंटर, मोडेम यांची वेगवेगळी पोर्ट्स ज्याच्यामुळे गेली, त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसावे, याची मला फार खंत वाटते.) उपकरण जोडले की ते आपला प्रकार सांगते: 08 म्हणजे साठवण, 03 म्हणजे कीबोर्ड किंवा माउस. संगणक पुरावा मागत नाही. 2014 मध्ये सुरक्षा संशोधक कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत या भाबडेपणावरच बोट ठेवले. पेन ड्राइव्हच्या चिपमधला प्रोग्राम बदलला, की तोच ड्राइव्ह ‘मी कीबोर्ड’ म्हणतो आणि भराभर आज्ञा टाइप करतो. संगणकाला वाटते, मालकच टाइप करतोय! अँटीव्हायरस फायली चाळतो. चिपच्या पोटातले त्याला दिसत नाही. फॉरमॅट करूनही ते जात नाही.

सीडॅक या सरकारी संस्थेचे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सॉफ्टवेअर 2017 मध्ये केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातून मोफत मिळू लागले. परका पेन ड्राइव्ह ते पासवर्डशिवाय उघडू देत नाही. चांगले आहे, पण त्याचा पहारा साठवणीवर. कीबोर्डचे सोंग घेतलेल्यावर नाही. म्हणून ‘संपूर्ण संरक्षण’ अशा जाहिरातींवर विसंबू नये.

खरा उपाय आधारच्याच यंत्रणेत दिसतो. आधार पडताळणीसाठी 2017 पासून नोंदणीकृत उपकरणांचा नियम आला. प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक, आणि ठशाच्या नोंदीवर त्या यंत्राची डिजिटल स्वाक्षरी. म्हणजे यंत्राला ओळख विचारता येते. साध्या पेन ड्राइव्हला आपण ती विचारत नाही, इतकेच.

ती विचारली जाईपर्यंत सेंटरचालकांनी एवढे करावे: फाइल शक्यतो ईमेलवर मागवा, पेन ड्राइव्ह घ्यावाच लागला, तर त्यासाठी वेगळा जुना संगणक ठेवा, रोजचे काम अॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून करू नका, आणि जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करा. सातबारा, जातीचे दाखले, बँकेचे तपशील असलेल्या संगणकाला परका पेन ड्राइव्ह लावूच नका.