अडकित्त्यावरचा मोर

गेल्या खेपेला आपण हायडेगरच्या हातोडीपाशी थांबलो होतो. १९२७ सालच्या ग्रंथात तो म्हणतो, हातोडी नीट चालते तोवर ती आपल्याला दिसतच नाही. दांडा निसटला की मग आपण तिच्याकडे बघतो. आता प्रश्न असा, की न मोडलेली, रोजच्या वापरातली वस्तू कुणाला दिसते का?

दिसते, संग्राहकाला. पुण्यात बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथे राजांच्या तलवारींपेक्षा आम्ही जास्त वेळ रेंगाळतो ते दिवे, वज्री, दौती आणि अडकित्त्यांपाशी. अडकित्ता म्हणजे काय हो? दोन दांड्या, एक बिजागर, एक पातं. सुपारी बिजागराजवळ धरायची आणि टोकाकडून दाबायचं, म्हणजे थोड्या जोरात कठीण सुपारी फुटते. तरफच ती! एवढ्याने काम भागतं. मग कुणा कारागिराने तिथे मोर का बसवला? मोरामुळे सुपारी काही बारीक कातरली जात नाही. टाच घासायच्या वज्रीच्या मुठीवरही पक्षी. गरजेपेक्षा जास्त असलेला हा जो भाग, त्याचीच संग्राहकाला भुरळ पडते, असं आम्हाला वाटतं.

दिनकर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत. हे टोपणनाव त्या अनाम कारागिरांनाही शोभलं असतं! संग्रहाला मात्र त्यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं.

वाल्टर बेंजामिनच्या मते संग्राहक वस्तूला उपयोगी असण्याच्या वेठबिगारीतून सोडवतो. आम्हाला हे अर्धंच पटतं. काचेआडच्या अडकित्त्याची मूठ झिजलेली दिसते ना, ती वेठबिगारीनेच झिजली. ती झीज काढून टाकली, तर बघण्यासारखं निम्मं गेलं.

आता हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावं? आजी गेल्यावर तिचा पितळी अडकित्ता आम्हीच जुन्या भांड्यांबरोबर मोडीत दिला, वजनावर. वीस वर्षं डोळ्यांसमोर होता. दुपारी जेवणं झाली की कट्-कट् असा त्याचा आवाज यायचा, तो अजून कानात आहे. पण त्याच्यावर मोर होता की पोपट, की काहीच नव्हतं, ते काही केल्या आठवत नाही.