ड्राफ्ट झाला म्हणजे एनएचएल मिळाली असं नाही

टोरांटोत आमच्या शेजारच्या काकूंचा नातू आइस हॉकी जोरात खेळतो. ‘एनएचएलमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, जाईल ना रे?’ असं त्या परवा विचारत होत्या. हॉकीवेडा असल्याने सविस्तर सांगतो.

कॅनडातली चांगली मुलं साधारण सोळाव्या वर्षी मेजर ज्युनिअर लीगमध्ये (किशोरवयीनांच्या वरच्या पातळीच्या हॉकीत) जातात. अठराव्या वर्षी ड्राफ्ट, म्हणजे एनएचएल संघांकडून तरुण खेळाडूंची निवड: 32 संघ, 7 फेऱ्या, सुमारे सव्वादोनशे मुलं. पहिल्या फेरीतली बहुतेक मुलं कधी ना कधी एनएचएलमध्ये उतरतात. शेवटच्या फेऱ्यांतली बहुतेक कधीच नाही.

तरी अठराव्या वर्षीचा अंदाज कधीकधी सपशेल चुकतो! डेट्रॉइट संघाने पावेल दात्सुकला 1998 मध्ये 171वा, हेन्रिक झेटरबर्गला 1999 मध्ये 210वा घेतलं. पुढे दोघांनी संघाला 2008 चा स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकून दिला. बुटक्या मार्टिन सेंट लुईला तर कुणीच निवडलं नव्हतं. 2004 मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणखी एक गंमत: वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून निवडीत पुढे.

2025 पासून मेजर ज्युनिअर खेळलेल्यांनाही अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार उघडलंय. माझ्या मते शिक्षण सांभाळणारा हाच रस्ता बरा.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा.