हापसा कुणाला दिसतो?

मंडळी, तंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मोबाईल येतो, कॉम्प्युटर येतो. वाशी तालुक्यात बसून या विषयावर बोलायचं, तर आम्ही हापशापासून सुरुवात करू. कारण हापसा हेही आधुनिक तंत्रज्ञानच आहे. आपण ते विसरलो, एवढंच.

गृहीत धरणं म्हणजे काय? मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं १९२७ सालच्या आपल्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण घेतलं आहे. सुतार काम करतो तेव्हा त्याचं लक्ष फळीकडं असतं, हातोड्याकडं नसतं. हातोडा मोडला की मगच तो वस्तू म्हणून नजरेत भरतो. म्हणजे अवजार चांगलं चाललं की ते नजरेआड होतं. यात सुताराचा दोष नाही. प्रत्येक अवजाराकडं बघत बसलो तर कामच व्हायचं नाही.

आता हापशाकडं येऊ. आपलं बालाघाटचं पठार काळ्या दगडाचं. त्यात पाणी फटींमध्ये आणि झिजलेल्या थरात असतं. १९७२च्या दुष्काळात आड-विहिरी आटल्या, तेव्हा खोल बोअरची गरज सगळ्यांनाच पटली. पण बोअरवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप टिकेनात. ते मुळात एका घरापुरते बनवलेले. इथं सबंध गाव दिवसभर हापसणार! त्यावर उपाय निघाला तो आपल्या शेजारी, जालन्यात आणि सोलापुरात. तिथं बोअर घेणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या मंडळींनी पोलादी पंप तयार केले. दांडा बेअरिंगवर फिरतो, आतली सळई साखळीला लटकते, म्हणून ती सरळ वरखाली होते. सोलापूरच्या पंपात युनिसेफच्या साहाय्यानं सुधारणा होऊन १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ आला. पुढं तो आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोचला. आपल्या पारावरून रोज दिसणाऱ्या लोखंडी खांबामागं एवढा इतिहास आहे.

पण हायडेगरच्या उदाहरणात एक गोष्ट राहून जाते. सुतार स्वतःच हातोडा चालवतो. आपल्याकडं पाणी एकजण पितो आणि हापसते दुसरीच. वायसर झिजलं, दांडा जड झाला, हे तिच्या खांद्याला आधी कळतं. घरात भरलेली घागर बघणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही. म्हणजे तंत्रज्ञान सगळ्यांना सारखं अदृश्य होत नाही. ज्याला ते चालवावं लागत नाही, त्याच्यापुरतंच ते अदृश्य होतं. आणि अडचण अशी, की दुरुस्तीचा ठराव बहुतेक वेळा तोच करत असतो!

आता नळ आला. चांगलंच झालं, डोक्यावरचा हंडा उतरला, त्याबद्दल आम्हाला काही उलटं बोलायचं नाही. पण नळामागं बोअर आहे, मोटार आहे, टाकी आहे, लाईट आहे, वेळेवर पाणी सोडणारा माणूस आहे. यातलं एक थांबलं की तोटी कोरडी. तेव्हा आपण हापशाकडं वळतो, तर तो गंजलेला. कधी तो धड असतो, पण पाणीच त्याच्या खाली गेलेलं असतं. हा पंप साधारण ४५ मीटरपर्यंतचं पाणी काढतो. भोवतीच्या खोल बोअरनी पाणी त्याखाली नेलं, तर चांगला हापसाही नुसता खडखडतो. अशा वेळी टँकरची वाट बघत बसतं ते वस्तीच्या टोकाचं घर; ज्याची स्वतःची बोअर आहे त्याचं फारसं अडत नाही.

म्हणून मोबाईल सोडा, लाईट बंद करा, असलं आम्ही सांगणार नाही. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात चालू हापसे किती? मार्क टूचं वायसर बदलायला सगळे पाईप वर ओढावे लागतात. ते पथक कुणी आणि कधी बोलवायचं? आणि उन्हाळ्यात पाणी किती खोल जातं, याची नोंद कोण ठेवतं? उत्तरं देताना जी बाई हापसते, तिला आधी बोलू द्या. तिला ती वस्तू रोज दिसते.