पाचगणीचे पाच विद्यार्थी आणि चहाची पेटी

बोर्लीहून म्हसळा, महाड, पोलादपूर करीत आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, आणि त्यापुढे थोड्या अंतरावर पाचगणी. निवासी शाळांचे हे गाव आपल्याला बहुधा सहलीपुरतेच ठाऊक असते. तेथील सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच विद्यार्थ्यांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. त्यांत पियानो वाजविणारा फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला माहीत झाला. त्याच्या विलायतेतील कीर्तीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला कुतूहल आहे ते निराळेच : सह्याद्रीच्या माथ्यावरील वसतिगृहात या मुलांनी ते परके संगीत हस्तगत केले कसे?

फारोखचा जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६ चा. पारशी कुटुंब, वडील तेथे इंग्रज सरकारचे रोखपाल. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी इकडे पाठविले. आपल्या किनाऱ्यावरची माणसे पोटासाठी समुद्रापलीकडे गेली. हा मुलगा उलट दिशेने आला. शाळेत पियानोची शिकवणी होती. पण शिकवणीत रॉक अँड रोल कोण शिकविणार? ते आले रेडिओवरून.

१९५२ साली केंद्रातील नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण केसकरांकडे आले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांची गळचेपी झाली. (पेटीला तर तेथे १९४० पासूनच मज्जाव होता, आमच्या कीर्तनकारांनी तो मनावर घेतला नाही, हे बरे झाले.) श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परततात, म्हणून कोलंबोचा आवाज डोंगर ओलांडून घाटमाथ्यावरही पोचत असे. त्या केंद्रावर हिंदी गाण्यांबरोबर इंग्रजी गाणीही लागत. रेडिओवरचे गाणे मात्र आपल्या सोयीने पुन्हा लावता येत नाही. ऐकताऐकताच चाल, ठेका आणि खर्ज वेगळे करून मनात धरावे लागतात. फारोख एकदा ऐकलेले गाणे पियानोवर उतरवीत असे, असे त्याचे सोबती सांगत. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवू लागली.

खर्जाचे वाद्य कोठून आणावे? त्यांनी चहाची रिकामी पेटी घेतली. पेटी पालथी घालायची, तिच्या पाठीच्या मध्यावर तार बांधायची, तारेचे दुसरे टोक कडेला उभ्या केलेल्या काठीच्या शेंड्याला. काठी मागे ओढली की तार ताणते आणि स्वर चढतो. सैल सोडली की उतरतो. पोकळ पेटीमुळे तो घुमतो. लिव्हरपूलला १९५६ साली जॉन लेननच्या शाळकरी मेळ्यातही हीच पेटी होती. आणि जोगत्यांचे चौंडके ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. तेथेही तारेचा ताण कमीजास्त करूनच स्वर काढतात.

ही सारी नक्कलच, असे कोणी म्हणेल. होय, नक्कलच. पण गुरूसमोर बसलेला शागीर्द तरी पहिली वर्षे दुसरे काय करतो? येथे गुरू दिसत नव्हता, चूक दाखवीत नव्हता. ती एकमेकांच्या कानांनी पकडावी लागे. वसतिगृहात हे साधते, कारण संध्याकाळी घरी जायचे नसते. रोज तेच पाच जण, तोच पियानो. आईबापांची धास्तीही आम्हांला पोकळ वाटत नाही. शेवटच्या वर्षांत फारोखचा अभ्यास खालावला, आणि तो झांझिबारला परतला. १२ जानेवारी १९६४ रोजी तेथे क्रांती झाली, तेव्हा कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. १९७० साली तेथे 'क्वीन' हा वाद्यवृंद उभा राहिला.

हेक्टिक्स शाळेबरोबरच संपले. त्यांतील डेरिक ब्रँच इंग्लंडात नट झाला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाला, आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्वही त्याच्याकडे आले.